रंगलेले शिपाई, मवाळ परीक्षक

सैनिकांच्या छोट्या फिगर्स रंगवणाऱ्यांचा हात आज जितका तयार आहे तितका पूर्वी कधीच नव्हता, आणि त्यांचं काम आज जितकं एकसुरी दिसतं तितकंही कधी दिसत नव्हतं. दोन्हींचं मूळ एकच आहे असं माझं मत आहे. या छंदातली माणसं एकमेकांशी फार प्रेमानं वागतात.

खोटं वाटत असेल तर युरोप-अमेरिकेतल्या कुठल्याही प्रदर्शनात टेबलाशी घटकाभर उभं राहून पाहावं. तोफखान्याच्या अधिकाऱ्याचा निळा कोट कसा साधला असं कुणी विचारलं, की रंगवणारा रंगांचे नंबर, थरांची संख्या, ब्रशची जात सगळं सांगून मोकळा होतो आणि वर उरलेली बाटलीही हातात ठेवतो. चीज राखून ठेवणारे उस्ताद इथे नाहीत. नवशिक्यानं आणलेल्या शिपायाचे डोळे तिरळे असले, तरी प्रत्येक जण आधी त्याच्या बुटांचं कौतुक करतो.

छंदाचा उगम खेळण्यात आहे. न्यूरेंबर्ग भागातल्या कारागिरांनी अठराव्या शतकात कथलाचे चपटे शिपाई ओतले. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीनं १८९३ मध्ये आतून पोकळ शिशाचे शिपाई काढले, तेव्हा ते मध्यमवर्गीय घरांत पोचले. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिलं ते अशाच शिपायांशी खेळायचे नियम सांगायला. हे शिपाई चकचकीत एनॅमलनं सपाट रंगवलेले असत. पुढे संग्राहकांच्या संस्था निघाल्या. ब्रिटिश मॉडेल सोल्जर सोसायटी १९३५ ची, फिलाडेल्फियाची संस्था १९४१ ची. पण खेळण्याची खरी कला झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. फ्रान्सच्या हिस्टोरेक्सनं नेपोलियनच्या फौजेचे ५४ मिलिमीटर उंचीचे प्लास्टिकचे संच काढले. घोड्याचा लगाम, शिपायाची पडशी, पट्ट्याचं बक्कल, सगळं सुटं आणि सगळं तुम्हीच जोडायचं. एवढी मेहनत घेतलेल्या माणसाला सपाट रंग फासणं पटेना.

सपाट रंग का चालत नाही, हे समजलं की या कलेचं मर्म समजतं. ५४ मिलिमीटरच्या माणसाचं डोकं जेमतेम सात मिलिमीटरचं असतं, आणि कोटाच्या चुण्या मिलिमीटरभरही खोल नसतात. खोलीतल्या पसरट उजेडात तिथली सावली डोळ्यांना जाणवत नाही, म्हणून सपाट रंगवलेला शिपाई रबरी दिसतो. ऊन वरून पडलंय असं धरून प्रत्येक उंचवटा उजळायचा आणि प्रत्येक खाच गडद करायची. उजेड आणि सावली दोन्ही रंगानं खोटी काढायची, पण ती खोटी वाटता कामा नयेत.

हे खोटं किती बोलावं, याबाबतच्या मतभेदांतून सगळ्या शैली जन्माला आल्या. शिकागोचे शेप पेन (१९४६–२०१५) यांनी सत्तरच्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या किटमधल्या पत्रकांसाठी डायोरामा, म्हणजे मॉडेल्सचे छोटे देखावे, केले आणि १९८० मध्ये ‘हाऊ टू बिल्ड डायोरामाज’ लिहिलं. त्यांचा भर गोष्टीवर होता. शिपाई कुठे निघालाय आणि काय पाहतोय, ते आधी ठरवायचं आणि रंग मागून आणायचा. अमेरिकेचेच बिल होरान स्वतः फिगर घडवत आणि स्वतःच रंगवत. त्यांच्या व्हिक्टोरियाकालीन शिपायांच्या खांद्यांत मला चालून चालून आलेला थकवा दिसतो. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांनी गडद पातळ रंगाचा वॉश आणि कोरड्या ब्रशचा फटका अशी झटपट युक्ती घरोघरी पोचवली. नवशिक्यांचं त्यातून कल्याण झालं, पण नंतर कितीतरी वर्षं टेबलावरच्या पलटणी पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या दिसत होत्या.

मग स्पेन आलं. माद्रिदच्या आंद्रेआ मिनिएचर्ससारख्या कंपन्यांनी उत्तम फिगर्स ओतल्या आणि व्हायेखोसारख्या कंपन्यांनी ॲक्रिलिकच्या ड्रॉपर बाटल्या दिल्या. तेलरंग सावकाश वाळतो, म्हणून दोन छटा फिगरवरच एकमेकींत मुरवता येतात. ॲक्रिलिक पाहता पाहता वाळतं, म्हणून पाण्यासारखे पातळ थर एकावर एक चढवावे लागतात. संयमी माणसाला यातून असा कडक उजेड-सावलीचा खेळ साधतो की फिगर हातभर अंतरावरूनही खेचून घेते. खोक्यावरच्या फोटोसाठी हेच हवं होतं. खोक्यावरचा फोटो पाहून गिऱ्हाईक किट घेतो, कंपनी त्यासाठी रंगवणाऱ्याला पैसे देते, आणि सगळे शिकाऊ त्या फोटोबरहुकूम रंगवतात. छंदाचं नवं घराणं असं बाजारानं घडवलं.

याच काळात कल्पनारम्य फिगर्सचा प्रवाह येऊन मिळाला. गेम्स वर्कशॉपची ‘गोल्डन डेमन’ स्पर्धा १९८७ मध्ये सुरू झाली. तिथल्या मंडळींनी धातूचा रंग न वापरता राखाडी, पांढऱ्या आणि काळ्या छटांनी पोलाद रंगवण्याचं तंत्र शिगेला नेलं, आणि इतिहासवाल्यांनी ते उचललं. फोटोत अशी तलवार लखलखते. फिगर हातात घेऊन फिरवली की मात्र चमक जागची हलत नाही, कारण ती रंगलेली आहे. खऱ्या पोलादाची चमक डोळ्यांबरोबर फिरते. गोल फिगरवर एकाच बाजूनं पाहायचं चित्र काढणं ही माझ्या मते या पिढीची सगळ्यात मोठी फसगत आहे. फिगर ही शिल्पकला आहे आणि कॅमेऱ्यानं तिचं पोस्टर केलं.

जवळून पाहण्यासाठी स्किनर्स हॉर्सचा स्वार घ्या. ब्रिटिश हिंदुस्थानातलं हे घोडदळ जगभरच्या रंगवणाऱ्यांचं लाडकं आहे. मराठी वाचकानं लक्षात ठेवावं, की जेम्स स्किनर आधी शिंद्यांच्या नोकरीत होता आणि १८०३ मध्ये उभ्या राहिलेल्या या पथकातले पहिले स्वारही शिंद्यांच्या फौजेतूनच आलेले. त्यांचे कोट पिवळे, आणि पिवळा हा सगळ्यांत दगाबाज रंग. तो झाकत नाही. काळ्या प्रायमरवर चढवला तर हिरवट होतो, आणि सावलीसाठी त्यात काळा मिसळला तरी शेवाळ येतं. जाणता माणूस खाली फिकट गेरू किंवा गुलाबीसर थर देतो, सावलीत पिवळी माती, मग तांबूस तपकिरी, आणि अगदी खोल चुणीत जांभळ्याची पुसट छटा घालतो. उजेडासाठी पांढरा घेत नाही, हस्तिदंती घेतो. हे सगळं आज कुणालाही तोंडपाठ असतं. तरी दहा स्वार एका रांगेत ठेवले तर दहाही कोट एकाच दुकानातून शिवून आणल्यासारखे दिसतात. एकही उन्हानं विटलेला नाही, एकाचंही खोगिराला घासून कापड झिजलेलं नाही. चेहऱ्यांचं त्याहून वाईट. नाक लालसर, दाढीची जागा निळसर, खालचा ओठ गुलाबी, हा नुस्खा प्रशियाच्या शिपायाला लावला आणि त्यातच तपकिरी ओतून पंजाबी स्वाराला लावला, की तो चॉकलेटचा दिसतो. आपल्याकडच्या सावळ्या कातडीत पिवळा आणि सावलीत मळका हिरवा असतो. हे पाहणारे फार थोडे.

आता परीक्षकांकडे येऊ. शिकागोच्या फिगर रंगवणाऱ्यांच्या मंडळात रुजलेली आणि पुढे अनेक देशांत गेलेली पद्धत अशी, की फिगर दुसऱ्या फिगरशी झुंजत नाही, ती एका दर्जाशी मोजली जाते. सुवर्णपदकाच्या लायकीच्या वीस फिगर्स आल्या तर वीस सुवर्णपदकं. ही पद्धत उदार आहे आणि मला ती मनापासून आवडते. हेवेदावे कमी झाले, हरलेला माणूस रुसून घरी बसला नाही, आणि एकूण कामाचा दर्जा वर चढला. पण दर्जा म्हणजे काय, तर सफाई. सांधा दिसतो का, थर गुळगुळीत आहेत का, डोळे सरळ आहेत का. सफाई मोजता येते. या शिपायाला भूक लागलीय का, हे मोजता येत नाही. त्यामुळे रौप्यपदकवाल्याला अजून दोन थर द्यायला सांगितलं जातं, ‘तुझा शिपाई निर्जीव आहे’ असं कुणी सांगत नाही. सांगणं उद्धटपणाचं ठरेल.

थ्रीडी प्रिंटिंगबद्दल मी फार काही म्हणणार नाही. संगणकावर घडवून रेझिनमध्ये छापलेल्या फिगर्सनी विषयांचा तुटवडा संपवला आहे, आणि त्यामुळे एक जुनी सबब गेली.

ती सबब आपली होती. नेपोलियनच्या गार्डचा प्रत्येक गुंडी-पट्टा उपलब्ध, आणि मराठा स्वार शोधायला गेलं तर असईच्या लढाईच्या पटावरच्या खेळासाठी काढलेल्या बोटाएवढ्या पलटणी. मोठ्या मापात जे सापडतं त्यात पागोटं कुठलं आणि अंगरखा कुठला याचा मेळ क्वचित. वास्तविक साधनं आहेत. ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता. १८१३ मध्ये छापलेल्या त्याच्या पत्रांच्या पुस्तकात देशी चित्रकारानं काढलेली रंगीत चित्रं आहेत. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९० च्या दशकात पुण्यात होता, त्यानं सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी यांना रंगवलं. वाईजवळ मेणवलीला नानांच्या वाड्यात भिंतीवरची चित्रं आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रं पाहायला मिळतात.

हाताची सवय म्हणावी तर तीही आपल्याकडे आहे. दिवाळीतल्या किल्ल्यावर मावळे ठेवत मोठं झालेलं मूल महाराष्ट्रात घरोघरी सापडेल. पुण्याच्या कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात मिळणारे हे मावळे प्रमाणबद्ध नसतात, महाराज तटबंदीपेक्षा उंच असतात, आणि रंग घाईघाईनं दिलेला असतो. पण दोन फटकाऱ्यांत काढलेल्या त्यांच्या मिशीत जो जोर असतो, तो मी पुष्कळ सुवर्णपदकवाल्यांत शोधून थकलो आहे.

तेव्हा ज्यांना हात चालवायचा आहे त्यांनी यंदा एक कोरा, न रंगवलेला मावळा मागून आणावा. चकचकीत ऑइलपेंट नको. मॅट ॲक्रिलिकच्या पाच-सहा बाटल्या आणि टोकदार असा एक चांगला ब्रश पुरे. रंगवण्याआधी केळकर संग्रहालयात एक फेरी मारावी, आणि झाल्यावर तो मित्रांना दाखवावा. मित्र ‘मस्त!’ म्हणतील. त्यांना म्हणावं, आता काय चुकलं ते सांगा.