तारीख नसलेली बोट

बी.कॉम. झालेल्या माणसाला समीक्षेचा अधिकार कोणी दिला, असं आमच्या कॅशियरने मला विचारलं. मी म्हटलं, ज्या बँकेने वीस वर्षं लोकांच्या सह्या ताडून बघायला बसवलं, तिनेच! खरी सही कुठली आणि गिरवलेली कुठली हे ओळखणं म्हणजे दुसरं काय असतं?

तर आजचा विषय : प्लॅस्टिकच्या युद्धनौकांचा कायापालट. एअरफिक्स कंपनीची पेटी आणायची, आत तुकडे 'नेल्सन'चे, आणि टेबलावर उभी करायची 'रॉडनी'. या कलेत दोन घराणी आहेत. पहिलं पाटीबदलू घराणं. नेल्सन आणि रॉडनी सख्ख्या बहिणी; दोघींच्या नऊच्या नऊ मोठ्या तोफा पुढच्या अंगाला. किरकोळ डागडुजी केली, नाव बदललं, की झालं. दुसरं करवत घराणं. ही मंडळी 'वॉरस्पाइट'ची 'बारहॅम' करतात. याही बहिणीच, पण १९३७ पर्यंत वॉरस्पाइटची पार नव्याने बांधणी झाली, बारहॅमच्या नशिबी ती आली नाही. म्हणजे मनोरा कापा, धुराडं नव्याने घडवा, आणि बोटाला पट्टी बांधून कामावर जा.

मी दोन्ही घराण्यांचा उपरा शागीर्द. एका जुन्या 'एजॅक्स'च्या पेटीतून आपली आय.एन.एस. 'दिल्ली' करायला घेतली. हिशेब सरळ होता. १३ डिसेंबर १९३९ रोजी रिव्हर प्लेटच्या लढाईत जर्मन 'ग्राफ श्पे'शी ज्या तीन क्रूझर झुंजल्या, त्यांत एजॅक्स आणि अकिलिस या एकाच वर्गातल्या. तीच अकिलिस १९४८ साली भारताने घेतली आणि तिची दिल्ली झाली. सहाशेपट लहान केलेली ही बोट साधारण अठ्ठावीस सेंटिमीटर भरते. शाळेच्या फूटपट्टीवर झोपवता येते.

बोट तयार झाली आणि थोरले मामा आले. मामा दिल्लीवर नोकरीला होते, १९७८ साली ती सेवेतून निघेपर्यंत. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बोटाने टरेट, म्हणजे जोडतोफांचे ते फिरते बुरूज, मोजले.

"चौथा कुठून आणलास?"

"पेटीत होता."

"पेटीत होता म्हणून लावलास? बँकेत एक नोट जास्त आली, तर खिशात घालतोस का रे?"

मी बचावाला सिनेमा काढला. १९५६ च्या 'द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट'मध्ये अकिलिसचं काम खुद्द दिल्लीनेच केलं. पण ग्राफ श्पे झाली ती 'सेलम' नावाची अमेरिकी क्रूझर. श्पेचे मोठे टरेट दोन, सेलमचे तीन! म्हटलं, एवढ्या मोठ्यांना एक जास्तीचा चालतो, तर मला का नको?

मामा म्हणाले, "सिनेमात मेलेले लोक संध्याकाळी जेवायला उठतात."

मग त्यांनी सांगितलं. ५ जानेवारी १९४३ रोजी जपानी विमानाचा बॉम्ब अकिलिसच्या मागच्या दोन टरेटांपैकी उंचावरच्या टरेटवर पडला. तेरा माणसं गेली. पोर्ट्समथला दुरुस्ती झाली तेव्हा तो टरेट काढून तिथे विमानविरोधी तोफा बसवल्या. आपल्याकडे आली ती तीन टरेटांची बोट. "त्या जागेवरून आम्ही रोज ये-जा करायचो," मामा म्हणाले आणि चहा थंड झाला तरी काही बोलले नाहीत.

तेव्हा माझी समीक्षा अशी, आणि ती माझ्यापासूनच सुरू होते : आम्ही नवशिके 'कुठली बोट?' एवढंच विचारतो, 'कुठल्या तारखेची?' हे विचारत नाही. तारीख नसलेला चेक मी कधी पास केला नाही, आणि तारीख नसलेली बोट मात्र शोकेसमध्ये ठेवली! चार टरेट ही १९३९ ची अकिलिस; तीन टरेट ही दिल्ली. मधल्या काळात काय झालं ते पाटीवर मावत नाही, ते त्या मोकळ्या जागेतच दिसतं. करवत कितीही सफाईने चालवा, ती जागा चुकली की सगळी मेहनत गिरवलेल्या सहीसारखी.

त्याच रात्री मी तो टरेट उचकटला आणि टाचण्या कापून छोट्या तोफा बसवल्या. सौभाग्यवती म्हणाल्या, उरलेला तुकडा टाकून द्या. मी तो काडेपेटीत ठेवला आहे. बँकेच्या भाषेत, सस्पेन्स खात्यात. मामा आले की आधी ती काडेपेटी उघडून बघतात, मग चहा मागतात.