शोधयंत्र आणि संकेतस्थळधारक : एका शोधनिबंधाचे पुनर्वाचन

सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांच्या १९९८ च्या गुगलविषयक शोधनिबंधाच्या परिशिष्टात, जाहिरातींवर चालणारी शोधयंत्रे जाहिरातदारांकडे झुकतील, अशी शंका नोंदविलेली आहे. पुढे गुगलच जाहिरातींवर उभे राहिले, ही विसंगती सर्वपरिचित आहे. प्रस्तुत लेखकास त्याहून खटकते ते संकेतस्थळधारकाचे चित्रण. आमची इतकी पाने पाहिलीत, कशी वाटली, असे ई-मेलने विचारणारा भाबडा, नाहीतर क्रमवारीसाठी लबाडी करणारा. तेथे त्याची ही दोनच रूपे ठळकपणे दिसतात. वस्तुतः त्याने दिलेले दुवे हीच पेजरँकची सामग्री. मोजणीचे बदलते नियम मात्र त्यालाच अज्ञात. नोव्हेंबर २००३ मधील बदलाने, ऐन नाताळच्या तोंडावर, अनेक छोट्या विक्रेत्यांची पाने क्रमवारीत कोसळली. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकी न्यायालयाने गुगलने शोधसेवेतील मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकविल्याचा निर्णय दिला. तेथेही भर होता तो ब्राउझर व फोन कंपन्यांशी केलेल्या करारांवर.