छावणींतील स्त्रिया आणि वरसईचे गोडसे भटजी

पानिपतचा विषय निघाला कीं, "बायकापोरांचें लटांबर बरोबर नेलें, तेथेंच घात झाला," असें कोणीतरी हटकून म्हणतो. हें वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु जुनें मराठी गद्य पुन्हा वाचावयास घेतलें म्हणजे हा निवाडा न्यायाचा आहे काय, अशी शंका मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

या मतास आधार मुळींच नाहीं असें नव्हे. शिवछत्रपतींच्या लष्करांत बायको, बटीक अगर कलावंतीण बाळगण्यास सक्त मनाई होती, असें सभासदानें आपल्या बखरींत नमूद केलें आहे. परंतु ती फौज सडी व पावसाळ्यांत परतणारी होती. उलट, १७६० सालीं उत्तरेस गेलेली छावणी म्हणजे एक चालतें शहरच होतें. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई तींत होत्या. नाना फडणिसांची आई व पत्नी याही होत्या. तीर्थयात्रेची ओढ अनेकांस होती. १४ जानेवारी १७६१ च्या संहारांतून नानांची पत्नी वांचली, आई मात्र कायमची अंतरली. तें दुःख नानांनीं आत्मचरित्रांत स्वतःच लिहून ठेविलें आहे.

खाणारीं तोंडें वाढलीं हें आम्हांस मान्य आहे. तथापि बाजारबुणग्यांत पुरुष थोडे नव्हते. आणि गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्यें मारले गेले व रसद तुटली, यांत स्त्रियांचा काय अपराध? 'भाऊसाहेबांची बखर' ओजस्वी खरी, तिच्या भाषेवर आम्हीही लुब्ध आहों. पण सरदारांच्या संवादांत रंगलेल्या त्या लेखणीस दळणकांडण करणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या कुणबिणींकडे पाहण्यास सवड नाहीं.

ती दृष्टि आम्हांस पुढें एका भिक्षुकापाशीं सांपडते. पेण तालुक्यांतील वरसईचे विष्णुभट गोडसे घरचें कर्ज फेडण्यासाठीं, दक्षिणेच्या आशेनें, १८५७ सालीं उत्तरेस निघाले आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. 'माझा प्रवास' त्यांनीं मागाहून लिहिला. चिंतामणराव वैद्यांनीं तो १९०७ सालीं फेरफार करून छापला. मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांच्या संपादनानें १९६६ सालीं वाचकांच्या हातीं आला.

१८५८ च्या वेढ्यांत भटजी झाशींत होते. झाशी ही छावणी नव्हे हें खरें. परंतु वेढा पडला म्हणजे शहराचीच छावणी होते. तेथें बायका मोर्चांवर राबत होत्या, दारूगोळा पोंचवीत होत्या, हें वेढा घालणाऱ्या इंग्रजांनींही लिहून ठेविलें आहे. भटजींचें वैशिष्ट्य असें कीं, त्यांचें लक्ष तरवारीइतकेंच तहानेकडे असतें. काल्पीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग पाहावा. पुरुषवेष केलेली, धुळीनें माखलेली राणी तेथें येते. भटजी पाणी शेंदावयास पुढें होतात; ती त्यांना थांबवून स्वतः शेंदते व ओंजळीनें पिते. आमच्या मतें साऱ्या पुस्तकांत याहून मोठें वीररसाचें स्थळ नाहीं.

दोष आहेतच. ऐकीव वार्ता ते पारखून घेत नाहींत. पाव शतकानंतरच्या आठवणींत घोटाळाही होतो. शिवाय राणीच्या दिनचर्येस त्यांनीं जेवढी जागा दिली, तेवढी मजुरणींस दिलेली नाहीं. तरीही रणाच्या वर्णनांत विहीर, दोर आणि मडकें यांस त्यांनीं स्थान दिलें, हें लहान काम नव्हे.

पेण-रोह्याच्या बाजूच्या घरांतून हें पुस्तक आपल्या गांवचें म्हणून कौतुकानें वाचलें जात असेल. तेवढ्यावर न थांबतां, तें बखरीशेजारीं ठेवून घरांतल्या मुलींसमवेत मोठ्यानें वाचावें, अशी आमची शिफारस आहे. पुढच्या खेपेस "बायकांमुळें पानिपत बुडालें" असें कोणी म्हणालें, तर त्याला छावणींत पाणी कोण भरीत होतें, एवढेंच विचारावें.