उपाशी ठेवण्याची माया

ॲनी प्रूचं 'फेन, बॉग अँड स्वाम्प' (२०२२) मी येता-जाता बसमध्ये, फोनवर वाचून संपवलं. 'ब्रोकबॅक माउंटन' लिहिणारी ही कथाकार दलदलींच्या नाशाचा इतिहासही गोष्टीसारखा सांगते. ओढ्यानाल्यांच्या पाण्यावर जगते ती फेन, निव्वळ पावसावर जगते ती बॉग, झाडाझुडपांची ती स्वाम्प, हे एकदा वाचलं की विसरत नाही. इंग्लंडमधल्या फेन उपसून त्यांची शेतं कशी झाली, हे वाचताना जीव तुटतो. पण पुस्तक संपल्यावर मला फक्त हळहळता आलं. माझी तक्रार तेवढीच आहे.

मी राहतो त्या व्हँकुव्हरमध्ये, घरांच्या रांगांना लागूनच, कॅमोसन बॉग आहे. शहर वाढलं तसं तिचं पाणी काढून दिलं गेलं. कोरड्या जमिनीवर हेमलॉकची झाडं घुसली, त्यांच्या सावलीत स्फॅग्नम शेवाळ मरू लागलं. १९९०च्या दशकापासून तिथे स्वयंसेवक राबतायत. स्वतःला 'क्रेझी बॉगर्स' म्हणवतात. त्यांनी झाडं काढली, वरची माती खरवडली, खालच्या ओल्या पीटवर शेवाळ पुन्हा लावलं.

एका शनिवारी गेलो, तर एक आजी गुडघ्यांवर बसून हेमलॉकची बोटभर रोपं उपटत होत्या. खत कधी घालता, असं मी विचारलं आणि त्या खो खो हसल्या. बॉगमधल्या वनस्पतींना आंबट, निकस पाणीच मानवतं. नायट्रोजन मिळत नाही म्हणून तर तिथलं दवबिंदू चिकट पानांवर किडे पकडतं. (कासच्या पठारावर दवबिंदू पाहिलं असेल, तर हे त्याचंच गोल पानांचं भावंड.) खत घातलं तर दुसरीच झाडं माजतात आणि ही मरतात. माया म्हणजे खाऊ घालणं, असं ऐकत वाढलेल्या मला हे पचायला वेळ लागला.

प्रूच्या पुस्तकात दलदलीवर जगणारी माणसं आहेत, ती उपसणारी आहेत. दर शनिवारी निंदणारी मला फारशी भेटली नाहीत. तिने नाशाचा इतिहास लिहायला घेतला होता आणि ते नावातच सांगितलं आहे, त्यामुळे न लिहिलेल्या पुस्तकाचं खापर तिच्यावर फोडणं अन्यायाचं, हेही कळतं. पण आमच्या धंद्यातही नवं फीचर केलं की टाळ्या, सर्व्हर कोसळला की बोंबाबोंब, आणि रोज तो चालू ठेवणाऱ्याचा कुणाला पत्ता नसतो.

पुस्तक वाचाच. फेनचा भाग आधी वाचा. मला तो पुन्हा वाचायचाय, पण या शनिवारी आजींनी हातमोजे घेऊन बोलावलंय.