दोन लिप्यांचे जोडपान : उर्दू-मराठी अंकांच्या मांडणीचा विचार

नियतकालिकाचा वाचक अंक उघडतो तेव्हा त्याच्यासमोर एक नव्हे, दोन पाने येतात. ती तो प्रथम पाहतो आणि मग वाचू लागतो. मजकूर, चित्र आणि मोकळी जागा यांचा मेळ जमतो किंवा बिघडतो तो या जोडपानावर. महाविद्यालयीन वार्षिकांकांचे संपादन सामान्यतः भाषेच्या प्राध्यापकांकडे असते. ते मजकुराची शुद्धता डोळ्यांत तेल घालून तपासतात, परंतु मांडणी मात्र डीटीपी चालकावर सोडून देतात. ज्या अंकात उर्दू आणि मराठी असे दोन विभाग असतात, तेथे या दुर्लक्षाची किंमत अधिक मोजावी लागते. कारण या दोन लिप्यांची पाने एकाच साच्यात बसत नाहीत.

हैदराबाद शहराला या बाबतीत मोठा वारसा लाभला आहे. डॉ. मुहीउद्दीन कादरी ज़ोर यांनी १९३१ मध्ये इदारा-ए-अदबियात-ए-उर्दू ही संस्था स्थापन केली आणि १९३८ पासून तिचे ‘सबरस’ हे मासिक निघू लागले. १९४९ मध्ये याच शहरात ‘सियासत’ हे उर्दू दैनिक आणि बद्रीविशाल पित्ती यांचे ‘कल्पना’ हे हिंदी मासिक अशी दोन पत्रे जन्मली. ‘कल्पना’शी जगदीश मित्तल आणि मकबूल फिदा हुसेन यांच्यासारखे चित्रकार जोडले गेले होते. मराठी साहित्य परिषदेचे ‘पंचधारा’ही याच शहराचे. उर्दू, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही भाषांची नियतकालिके एका गावात निघत असताना त्यांच्या पानांचा तौलनिक अभ्यास मात्र फारसा झालेला दिसत नाही.

उर्दूच्या पानाचा मूळ कर्ता म्हणजे कातिब. तो मिस्तरवर, म्हणजे दोरे ताणून आखणीसाठी केलेल्या पुठ्ठ्यावर, कागद दाबून ओळींच्या खुणा उमटवी, हाशिया सोडी, शीर्षक मोठ्या कलमाने लिही आणि ओळ भरत नसेल तर एखादे अक्षर लांबवून ती कडेपर्यंत नेई. लिहिता लिहिता तो लेख वाचत असे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. कोठे श्वास घ्यावयाचा, कोठे जागा सोडावयाची, हा निर्णय वाचणाऱ्या हाताचा होता. अर्थात या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. शिळाछाप मुद्रणात छायाचित्र मजकुराबरोबर नीट उतरत नसे. ते वेगळ्या आर्ट पेपरवर छापून अंकात घालावे लागे, आणि पुष्कळदा लेख एकीकडे व त्याचे चित्र भलतीकडे अशी स्थिती होई. ऑफसेट आल्यावर कातिबाची किताबत आणि छायाचित्र एकाच पानावर चिकटवता येऊ लागले. उर्दू पानाचा सर्वांत चांगला काळ कदाचित हाच, परंतु तो अल्प ठरला. १९८१ मध्ये लाहोरच्या ‘जंग’ दैनिकाने नूरी नस्तालीक वापरात आणले. मिर्ज़ा अहमद जमील यांच्या हस्ताक्षरातील सुमारे २०,००० शब्दबंध त्यासाठी यंत्रात भरले होते. पुढे १९९० च्या दशकात इनपेज आले आणि लहान गावातही उर्दू अंक निघणे सोपे झाले. ही सोय मोठीच होती. मात्र वाचणारा हात पानावरून गेला.

तो गेल्याने काय झाले, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे गझल. उर्दू पानावर शेराचे दोन मिसरे समोरासमोर, सारख्या रुंदीत लिहितात आणि मधे एक मोकळी पट्टी राहते. डाव्या मिसऱ्याच्या शेवटी रदीफ येते, म्हणून सगळ्या रदीफा पानाच्या डाव्या कडेला एकाखाली एक उभ्या राहतात. गझलेचे वृत्त न जाणणारा विद्यार्थीसुद्धा ही रांग पाहून तिची रचना ओळखतो. येथे मोकळी जागा शोभेची नाही, ती व्याकरणाचे काम करते. हीच गझल देवनागरीत आली, किंवा मराठी गझल छापावयाची असली, की मिसरे एकाखाली एक येतात. ओळी डावीकडून सुरू होतात आणि उजवीकडे कमीजास्त लांबीवर संपतात. रदीफेची रांग मोडते. त्यावर उपाय फार सोपा आहे : दोन शेरांमध्ये ठळक अंतर ठेवावे आणि दुसरा मिसरा थोडा आत घ्यावा, म्हणजे जोडी तरी डोळ्यांना दिसते. प्रत्यक्षात बहुतेक अंकांत सगळे शेर सलग लावून उरलेल्या जागेत सुविचार किंवा फुलाचे तयार चित्र टाकले जाते.

गद्याचेही तसेच. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडे वरून सुरू होऊन डावीकडे उतरतो, त्यामुळे दोन ओळींत अंतर लागतेच. ते कमी केले तर अक्षरे एकमेकांवर चढतात. देवनागरीला शिरोरेखा आहे. वर वेलांटी व रफार, खाली उकार. ओळी जवळ घेतल्या की पान काळे दिसू लागते. शिवाय मराठीत प्रत्यय लागून शब्द लांबतात. अरुंद स्तंभात दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट धरला तर शब्दांमध्ये मोठाली भगदाडे पडतात. कातिबाला अक्षर ताणता येत असे, तसे देवनागरीत करता येत नाही. म्हणून मराठी विभागाला रुंद स्तंभ द्यावा, किंवा उजवी कड मोकळी सोडावी. इंग्रजी मासिकाचे तीन स्तंभ पाहून तसेच करू जाणे हे अनुकरण आहे, मांडणी नव्हे.

मोकळ्या जागेची भीती ही आणखी एक अडचण. कागद महाग, म्हणून कोरा भाग म्हणजे उधळपट्टी असे मानले जाते. न्यूयॉर्कच्या ‘हार्पर्स बझार’मध्ये अलेक्सी ब्रोदोविच यांनी १९३४ ते १९५८ या काळात जोडपान हा एकच पट मानून कोऱ्या जागेला चित्राइतकेच वजन दिले. ते श्रीमंत मासिक होते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु हाशियाची परंपरा असलेल्या भाषेने ही गोष्ट न्यूयॉर्कहून शिकण्याची गरज नसावी. मोगल मुरक्क्यांत दोन चित्रे समोरासमोर आणि पान उलटल्यावर दोन सुलेखने समोरासमोर अशी योजना आढळते. जोडपानाचा विचार तेथे शतकांपूर्वीच झालेला आहे.

चित्राची दिशा हा मुद्दा क्वचितच ध्यानात घेतला जातो. मराठी अंकात पान उलटताच प्रथम उजवे पान दिसते, उर्दूत डावे. मराठीत विषम क्रमांक उजवीकडे येतात, उर्दूत डावीकडे. एकच छायाचित्र दोन्ही विभागांत वापरताना चेहरा मजकुराकडे वळावा म्हणून चालक ते संगणकावर सरळ उलटे करतात. मग घड्याळ दुसऱ्या मनगटावर जाते आणि पाटीवरची अक्षरे आरशातली होतात. चारमिनार उलटा केला तर इमारत समतोल असल्याने पटकन कळत नाही, पण १८८९ मध्ये बसविलेली तिची घड्याळे चोरी उघडी पाडतात. चित्र उलटवू नये, त्याची जागा बदलावी.

राहिला द्विभाषिक अंकाचा मध्य. मराठी विभाग डावीकडून, उर्दू उजवीकडून निघतो आणि दोन्ही अंकाच्या पोटात भेटतात : डाव्या पानावर मराठीचा शेवट, उजव्या पानावर उर्दूचा. दोन लिप्या एकाच नजरेत येतात अशी संपूर्ण अंकातील ही एकमेव जागा असते, आणि नेमकी तीच जाहिरातींना किंवा आभाराच्या यादीला दिली जाते. तेथे दोन्ही पानांवर पसरलेले एकच छायाचित्र घेता येईल. कोणाचाही चेहरा मधल्या घडीत सापडणार नाही एवढे पाहावे, डावीकडे मराठी ओळ, उजवीकडे उर्दू ओळ द्यावी, आणि दोन्ही ओळी परस्परांचे भाषांतर असू नयेत.