पात्याचा भाव आणि घडवणाऱ्याचं नाव

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारने नागपूरकर रघुजी भोसले (पहिले) यांची तलवार मिळवली. वाहतूक, विमा धरून खर्च आला ४७ लाख १५ हजार रुपये. ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली आणि वर्तमानपत्रांनी रकमेवर रकाने भरले. तलवारीच्या वाट्याला जेमतेम चार ओळी आल्या : पातं युरोपातलं, म्हणजे फिरंग, एकधारी, मुठीवर सोन्याची कोफ्तगरी (पोलादावर सोन्याचं जडावकाम), पात्यावर मालकाचं नाव देवनागरीत. तोल कुठे येतो, मूठ आणि पातं एकजीव बसलंय का, कोफ्तगरीचा हात सफाईदार आहे की घाईचा, हे कुणी विचारलं नाही. सांगणारा समीक्षकही आपल्याकडे नाही.

तलवार परत आली याचा आनंद मलाही आहे. दरही मला जास्त वाटत नाही. प्रश्न एवढाच, की शस्त्रांच्या आणि संग्राह्य सुऱ्यांच्या बाजारात जो भाव चढतोय तो नेमका कशाचा? घडणीचा तर नक्कीच नाही.

मे २०२३ मध्ये बोनहॅम्सने टिपू सुलतानाच्या शयनगृहातली तलवार विकली. अंदाज होता १५ ते २० लाख पौंडांचा, किंमत गेली एक कोटी चाळीस लाखांवर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ख्रिस्टीजकडे टिपूच्याच नावाची दुसरी तलवार तशाच अंदाजाने आली, तर घेणारा मिळाला नाही. पाच महिन्यांत पोलादाची कला काही घसरली नव्हती. दोन धनवंत हट्टाला पेटले की विक्रम होतो, न पेटले की माल परत जातो. याला मी बाजारभाव म्हणत नाही, सट्टा म्हणतो. आणि वाघनखं? लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ती तीन वर्षांच्या उसनवारीवर महाराष्ट्राला दिली आणि जुलै २०२४ मध्ये ती साताऱ्यात आली. ती अफझलखानाच्या वधातलीच, हे सिद्ध करता येत नाही असं ते संग्रहालयच सांगतं. दर्शनाच्या रांगेला त्याने काही फरक पडला नाही.

हातघडणीच्या सुऱ्यांचा सगळ्यात गरम बाजार अमेरिकेत आहे, आणि तिथली गोष्ट आपल्याइतकी सरळ नाही. बॉब लव्हलेस (१९२९–२०१०) याने १९५४ मध्ये शिकारी सुऱ्या करायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या ॲबरक्रॉम्बी अँड फिचच्या दुकानात त्या विकल्या जात, शिकार सोलायला वापरल्या जात. आज त्याच्या सुऱ्या हजारो डॉलरांना जातात. गंमत अशी, की लव्हलेसच्या एका शिक्क्यात नग्न स्त्रीची आकृती आहे. घडण तीच, पोलाद तेच, पण तो शिक्का असला की किंमत वर चढते. धारेशी त्या शिक्क्याचा काय संबंध, ते लव्हलेसच जाणे!

पण त्या पैशाने तिथे काहीतरी उभंही राहिलं. १९७० मध्ये सुरी घडवणाऱ्यांचा संघ झाला. १९७३ मध्ये बिल मोरान या कारागिराने थरांचं, लाटालाटांच्या नक्षीचं पोलाद संघाच्या प्रदर्शनात मांडलं आणि जवळपास विसरलेली विद्या पुन्हा चालू झाली. पूर्ण वेळ ऐरणीवर जगणारे लोक तयार झाले. मग सट्टेवाले आले : कारागिराकडे नंबर लावायचा, सुरी हातात पडताच दुप्पट-तिप्पट भावाने पुढे विकायची. वॉशिंग्टन राज्यातल्या बॉब क्रेमर या सुरी घडवणाऱ्याने यावर तोड काढली. तो आपल्या सुऱ्या सोडतीने आणि स्वतःच्याच लिलावाने विकतो. चढलेल्या भावातला वाटा त्याच्याच गल्ल्यात येतो. त्यानेच प्रसिद्ध शेफ अँथनी बोर्डेनसाठी केलेली, उल्केच्या लोखंडाचीही मिसळ असलेली सुरी, बोर्डेनच्या मृत्यूनंतर २०१९ च्या लिलावात २,३१,२५० डॉलरना गेली. तिथे मात्र भाव पुन्हा मालकाच्या नावाचा.

या बाजाराने कलेचं नुकसानही केलं आहे. तिजोरीत जाणारी सुरी कापत नाही, म्हणून तिला कापता आलंच पाहिजे अशी सक्ती राहत नाही. आरशासारखी चकाकी, मॅमथच्या दाताच्या मुठी, आणि कांदा चिरायला घेतली तर हातात अवघडणारी वस्तू. तरीही तिथल्या कारागिराचं नाव पात्यावर असतं. आपल्याकडे मालकाचं असतं.

आमचं जुनं पळसदेव उजनीच्या पाण्यात गेलं. उन्हाळ्यात धरण ओसरलं की पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं, वीरगळांसकट. अशा वीरगळांवर तलवार उगारलेला वीर असतो, पण बहुधा त्याचंही नाव नसतं, मग तलवार घडवणाऱ्याचं कुठलं? आजही तेच. या भागात ऊस तुटतो तो घिसाडी आणि लोहारांनी गाडीच्या पाट्यापासून घडवलेल्या कोयत्यांनी. लाल झालेलं पातं पाण्यात कधी बुडवायचं, हे तो माणूस रंगावरून ओळखतो. कमी पाणी बसलं तर धार मुडपते, जास्त बसलं तर पातं तडकतं. हीच परीक्षा लव्हलेसच्या सुरीची. पण पाचशेची नोट दिली तर कोयता घेऊन सुट्टे परत मिळतात, आणि कुणी त्याला कलावंत म्हणत नाही.

जुन्या मालाची तऱ्हा वेगळी. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष ठरते, देशाबाहेर नेता येत नाही, विक्रीला परवाना लागतो. कायदा हवाच. पण उघड बाजार आणि जाणते पारखी नसले की ॲसिडने गंज चढवलेली नवी तलवार ‘घराण्याची’ म्हणून खपते, आणि खंडेनवमीला पुजलं जाणारं खरं पातं भंगाराच्या भावात वाड्याबाहेर पडतं. पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहा : मोर, घोडे, जोडपी. दिनकर केळकरांनी वेळीच गोळा केले म्हणून राहिले. ते कोणाच्या हातचे, हे आता कळायचा मार्ग नाही.

राजस्थानने निदान एक शहाणपणा केला : उदयपूरच्या कोफ्तगरीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं. आम्ही फेब्रुवारी २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. पट्टा घडवणाऱ्याला काय दिलं? उलट नवा पट्टा करायचा तर शस्त्र कायद्याच्या परवान्याचा प्रश्न आडवा येतो, कारण शेतीची आणि घरगुती हत्यारं सोडली तर नऊ इंचांवरच्या पात्याला तो कायदा लागतो.

लंडनहून एक तलवार आणायला ४७ लाख निघाले, तर सांस्कृतिक कार्य विभागाने दरवर्षी एक नवा पट्टा राज्यातल्या जिवंत कारागिराकडून रीतसर घडवून घ्यावा, योग्य मोल द्यावं, आणि संग्रहालयात ठेवताना पाटीवर पहिलं नाव त्याचं लिहावं.