सायलस मार्नर : जन्मदाता आणि बाप

जॉर्ज इलियटची ‘सायलस मार्नर’ ही कादंबरी १८६१ सालीं प्रसिद्ध झाली. तेव्हांपासून ती शाळा-कॉलेजांतून इतकी वाचली गेली आहे कीं, तिच्याविषयीं नवें कांहीं बोलावयाचें उरलें असेल असें कोणास वाटत नाहीं. एका कृपण विणकराचें सोनें चोरीस जातें, त्याच्या जागीं सोनेरी केसांची एक पोर येते, आणि त्याचें गोठलेलें हृदय वितळतें, झालें! उत्तरपत्रिकेंत एवढें लिहिलें कीं गुण मिळतात. आम्हीही ते पुष्कळ वर्षें देत आलों आहों. परंतु मुलाच्या नुसत्या दर्शनानें माणूस पालटतो, असें या कादंबरीचें म्हणणें मुळींच नाहीं. तिचें म्हणणें याहून कठोर आहे. बाप होणें हें जन्म देण्यानें साधत नाहीं. तें रोजच्या कष्टानें मिळवावें लागतें, आणि ज्यानें तें मिळविलें नाहीं त्यास पुढें तें मागतां येत नाहीं.

सायलस ऐन तारुण्यांत जिवलग मित्राच्या कपटानें चोर ठरतो, आपला पंथ व गांव सोडून रॅव्हलो नांवाच्या खेड्यांत येतो, आणि पंधरा वर्षें माग व गिन्या यांखेरीज कशाशींच संबंध ठेवीत नाहीं. गिन्या चोरीस जातात. पुढें नववर्षाच्या आदल्या रात्रीं अफूच्या गुंगींत एक स्त्री बर्फांत मरून पडते, आणि तिची दोन वर्षांची मुलगी उजेड पाहून सायलसच्या शेकोटीपाशीं येऊन निजते. तिचा जन्मदाता गॉडफ्रे कॅस, जमीनदाराचा थोरला मुलगा, त्या वेळीं वाड्यांतील मेजवानींत असतो. लपवून केलेल्या लग्नाची ही बायको खरोखरच मेली ना, हें पाहावयास तो पातळ बुटांनिशीं बर्फ तुडवीत जातो, मुलीच्या कपड्यांसाठीं विणकराच्या हातावर अर्धी गिनी ठेवतो, आणि गप्प राहतो. लेखिकेनें त्यास खलपुरुष केलेलें नाहीं, हें विशेष. तो सौम्य आहे, पुढें चांगला पति होतो. अवघड गोष्ट आज टाळली तर उद्यां आपोआप मिटेल, एवढीच त्याची श्रद्धा. आणि तिचे भक्त आपल्या घरोघरीं आहेत.

इकडे सायलस काय करतो? शेजारीण डॉली विन्थ्रॉप मुलीला न्हाऊंमाखूं घालावयास येते, तेव्हां तो म्हणतो कीं हें सारें मला शिकवा, मींच करीन. नाहीं तर पोरीला दुसऱ्याचाच लळा लागेल. कामाच्या वेळीं ती दूर जाऊं नये म्हणून तो कापडाच्या पट्टीनें तिला मागाशीं बांधून ठेवतो. ती एके दिवशीं कात्रीनें पट्टी कापून पसार होते आणि डबक्याकांठीं चिखलांत खेळतांना सांपडते. शिक्षा म्हणून तो तिला कोळशाच्या कोनाड्यांत कोंडतो. पण तिला त्याची गंमत वाटून ती पुन्हां आपण होऊनच आंत जाऊन बसते! त्यानंतर तो शिक्षेचें नांवच काढीत नाहीं. ज्या मागाचा खटखटाट पंधरा वर्षें थांबला नव्हता, तो आतां घडोघडी थांबतो. हीं पानें आम्हांस सगळ्या पुस्तकांत मोलाचीं वाटतात. आमच्या आजोबांच्या पिढींत वडील मंडळींदेखत स्वतःचें मूल उचलणें हा अविनय समजला जाई. ती रूढि गेली. पण मूल रडूं लागतांच तें आईकडे देऊन आपल्या खोलीचें दार लावून घेणारे विद्वान् आम्हीं पाहिले आहेत.

सोळा वर्षांनीं निपुत्रिक गॉडफ्रे मुलीवर हक्क सांगावयास येतो, आणि एप्पी त्यास नकार देते. येथें आपल्या वाचकांस कण्व आठवेल. जन्म देणारा विश्वामित्र कालिदासाच्या रंगभूमीवर येतही नाहीं. शकुंतला सासरीं निघतांना ज्याचा कंठ दाटतो तो पालक पिताच. मात्र कण्वाला मुलगी द्यावी लागते. सायलसची एप्पी लग्न करूनही बापाला सोडीत नाहीं. लेखिकेला हा प्रश्न पुस्तकी नव्हता. लूइस यांच्याशीं विधिपूर्वक विवाह होऊं शकत नसतां ती त्यांच्याबरोबर राहिली, म्हणून १८५७ सालीं सख्ख्या भावानें तिच्याशीं संबंध तोडला. आणि लूइस यांच्या मुलांना तिनें आईची माया दिली.

दोष आहेत, आणि लहान नाहींत. बापपणाची खरी परीक्षा ज्या सोळा वर्षांत होते, त्यांतील बहुतेक काळ कादंबरी एका उडींत ओलांडते. तापानें फणफणलेली, नऊ वर्षांची हट्टी एप्पी आम्हांस दिसतच नाहीं. दिसते ती एकदम अठरा वर्षांची, सर्वगुणसंपन्न आणि थोडीशी निर्जीव. चोराचा सांगाडा गिन्यांसह नेमका हव्या त्या वेळीं सांपडतो, हेंही फार सोयीचें. उलट, सायलसवरील जुना आळ शेवटपर्यंत धुतला जात नाहीं. तो एप्पीला घेऊन आपल्या गांवीं जातो, तों तेथें प्रार्थनामंदिराच्या जागीं कारखाना उभा! विचारावें कोणास?

तथापि बिचाऱ्या मॉलीला, त्या बर्फांत मेलेल्या आईला, लेखिका विसरत नाहीं. घरापुढें बाग करावयाचें ठरतें, तेव्हां ज्या झुडपाखालीं आई सांपडली तें झुडूप आपल्या बागेंत आणून लावावें, असें एप्पी सायलसला सांगते. आणि तें कोठें शोभेल याचा दोघें बसून विचार करितात.